नॉरफॉक ब्रॉड्स: आई-बाबांना पायी झेपेल का?

लेस्टरवासी_सांगलीकर:
जूनमध्ये आई-बाबा येतायत. बाबा 71, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, रोज कृष्णाकाठी फेरी मारणारे. आईचा गुडघा कुरकुरतो. सपाटीवर तासभर चालते. बाबांना कुणी "चला चला" केलेलं खपत नाही, त्यामुळे गाइड नको. नॉरिचला मुक्काम ठेवून चार दिवस ब्रॉड्समध्ये, म्हणजे पूर्व इंग्लंडातल्या त्या तळ्या-नद्यांच्या सपाट मुलखात, आपले आपण फिरलो तर? गाडी नाही.

पायपीट_प्रेमी:
व्हेरीमन्स वे ही नदीकाठची पायवाट करा! नॉरिच ते ग्रेट यारमथ, 37 मैल, सगळं सपाट.

नॉरिचची_मावशी:
अरे, त्या माउलीचा गुडघा आहे तो!
सपाट आहे हे खरं, पण बांधावरून एकदा निघालात की मध्ये सुटका नाही. वाटेतल्या बर्नी आर्म्सचंच बघा. तिथे स्टेशन आहे, पण मोटारीचा रस्ता नाही. दिवसाला मोजक्याच गाड्या, त्याही मागणी केली तरच थांबतात. आपल्या एसटीचा विनंती थांबाच तो. तिथून ब्रायडन वॉटर या खाडीच्या कडेने यारमथ पाचेक मैल. सावली नाही, चहा नाही, आडोसासुद्धा नाही. हा टप्पा तू आणि बाबा करा. तिथली सात मजली पवनचक्की नि कुरणांतलं पाणी काढणारे चर बघून बाबा हलायचे नाहीत.
आईंना रॅनवर्थ गावी न्या. हॉव्हेटन अँड रॉक्सम स्टेशनवरून टॅक्सी करा. बोरूच्या बेटांतून लाकडी फळ्यांची वाट थेट तळ्यापर्यंत जाते. तिथे नुसतं बसायचं. चर्चच्या मनोऱ्याला 89 पायऱ्या आहेत, त्या आईंना सांगूच नका.
बाबांसाठी एक गंमत: ही तळी निसर्गाची नाहीत. मध्ययुगात लोकांनी जळणासाठी पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, खणली, खड्ड्यांत पाणी भरलं. 1950च्या दशकात जॉइस लॅम्बर्ट यांनी ते दाखवून देईपर्यंत सगळे नैसर्गिकच समजत होते.

लेस्टरवासी_सांगलीकर:
मावशी, बाबांना आत्ताच फोनवर सांगितलं. "किती खोल खणलं?" विचारतायत! गमबूट घ्यावे लागतील का?

नॉरिचची_मावशी:
जूनमध्ये नकोत, साधे बूट चालतील. पण बाबांना हाफ पँट घालू देऊ नकोस. वाटेवर नेटल माजलेलं असतं, आपल्या खाजकुयलीची सख्खी बहीण. आणि कुरणात गाई आडव्या आल्या तर तू मागे राहा, बाबांना पुढे कर.