मदत हवी आहे : घरच्या सर्व्हरवरील मराठी, गुजराती आणि मोडी कागदपत्रे

नमस्कार. आम्ही बडोद्यात दांडिया बाजार भागात राहतो. गेल्या पावसाळ्यात कपाटाला ओल आल्यामुळे वीजबिले व विम्याचे कागद तरी सुरक्षित राहावेत, एवढ्याच हेतूने मी रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर पेपरलेस-एनजीएक्स (कागद स्कॅन करून साठवणारी व त्यांतील मजकूर शोधू देणारी प्रणाली) बसवले. परंतु त्याचा खरा उपयोग झाला तो आईला. वडिलांच्या निवृत्तिवेतनाचा जो आदेश आम्ही दोन वर्षे शोधत होतो, तो तिने मोबाइलवर केवळ वर्ष लिहून काही क्षणांत काढला.

आता आजोबांची पेटी उघडली आहे. तिच्यात १९४९ मध्ये बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन होण्यापूर्वीचे कागद असून काही मराठीत, काही गुजरातीत, तर काही मोडीत आहेत. पेपरलेससाठी अक्षर-ओळखीचे (चित्रातील अक्षरे मजकुरात उतरवण्याचे) काम करणाऱ्या टेसरॅक्टमध्ये मराठी, गुजराती व इंग्रजी एकत्र जोडल्या आहेत. मात्र एकाच पानावर दोन लिप्या आल्या की मजकूर फार बिघडतो. प्रत्येक भाषेचे कागद वेगळे करून चालवावेत का?

मोडीसाठी टेसरॅक्टच्या अधिकृत संचात सोय नाही, म्हणून ते कागद जाणकाराकडून देवनागरीत उतरवून घेत आहे. हे लिप्यंतर पेपरलेसमध्ये त्या कागदाच्या ओळखलेल्या मजकुराच्या रकान्यात भरावे, की त्याला जोडलेल्या टिपणात? अक्षर-ओळख पुन्हा चालवल्यास रकान्यातील मजकूर पुसला जाईल, ही माझी मुख्य भीती आहे, कारण त्यामागे एका वयोवृद्ध गृहस्थांचे कित्येक दिवसांचे श्रम आहेत. ज्यांनी असे काम केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.