डोळ्यात माल उडाला तर दूध घाला म्हणणाऱ्यांसाठी

रंकाळाकर
परवा इथं एकानं लिहिलं : "खोलीचा गिलावा स्वतःच करा, मजुरी वाचवा. डोळ्यात माल उडालाच तर दोन थेंब दूध नाहीतर एरंडेल सोडा, पाच मिनिटांत मोकळं." त्याखाली वाहवा वाचून राहवलं नाही. माल म्हणजे कालवलेलं सिमेंट नि वाळू. त्याचा पीएच (आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) 12 च्या वर असतो, म्हणजे तीव्र अल्कली. आम्ल गेलं तर वरचा थर गोठतो आणि बरंचसं तिथंच अडतं. हे अल्कली मात्र पेशींतली चरबी विरघळवत आत उतरत राहतं. सुरुवातीला नुसतं चुरचुरतं, म्हणून माणूस गाफील राहतो. मागाहून फूल पडतं. दूध शोधण्यात जातात तीच मिनिटं डोळा वाचवायची असतात. चोळू नका. पापण्या बोटांनी फाकवून धरा, डोकं माल गेलेल्या डोळ्याच्या बाजूला कलतं करा म्हणजे घाण दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही, आणि स्वच्छ पाण्याची धार घड्याळ लावून किमान 20 मिनिटं सोडा. लेन्स असेल तर धुता धुता काढा. लिंबू, व्हिनेगर असला उतारा अजिबात नको. मग लगेच डोळ्यांचा दवाखाना. रात्र असेल तर आपल्या कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्याचा अपघात विभाग.

गवंड्याचा लेक
भावा, पुस्तक वाचून सांगालाईस. आमच्या बानं जन्मभर छताचा गिलावा केला, कधी गॉगल घातला न्हाई. डोळ्यात उडालं की तांब्याभर पाणी मारायचं आणि परत थापी हातात. गॉगलवर घामाचं धुकं धरतं, परांचीवर पाय चुकला तर मान मोडंल. ते कोण बघणार?

शाहूपुरीची वहिनी
दादा, तुमच्या वडिलांचं निभावलं, माझ्या भावाचं नाही. छताला माल मारताना वर बघत होता, घमेल्यातला शिंतोडा सरळ डोळ्यात. त्यानंही तांब्याभर पाणी मारलं आणि काम संपवून संध्याकाळी गेला. डॉक्टरांनी वरची पापणी काडीवर उलटवली तर आत सिमेंटमाखले वाळूचे कण चिकटून बसलेले, तासन् तास झिरपत. आज त्या डोळ्यानं त्याला बसवरची पाटी वाचता येत नाही.

दुधाळीकर
मुळात सिमेंट वापरताच कशाला? 2019 च्या पुरानंतर आमच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा मारून घेतला, वर्षाच्या आत पोपडे सुटले. जुनी भिंत मातीत रचलेल्या विटांची, तिच्यातली ओल सिमेंट कोंडून ठेवतं. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो. शिवाय चुना नैसर्गिक, डोळ्याला काही होत नाही.

रंकाळाकर
भिंतीचं मान्य, डोळ्याचं साफ चूक. चुना म्हणजे अल्कलीच. तंबाखूच्या चुन्याची पुडी पोरं दाबतात, ती फुटून डोळ्यात जाते, कायमचं अंधत्वही येऊ शकतं. नीरू (गिलाव्यावर शेवटी फिरवायचा बारीक चुना) आणि पांढऱ्या सिमेंटची पुट्टीही त्याच जातीची. नैसर्गिक म्हणून हात झटकू नका.

बावडेकर
चुन्याचं कौतुक पेठेतल्या वाडेवाल्यांनी करावं. मळायचा कुणी, सुकेपर्यंत थांबायचं कुणी? पंचगंगेनं 43 फूट ओलांडले की आमच्या घरात पाणी. 2019 ला आलं, 2021 ला परत. दरवेळी काय चुना मळायची घाणी लावू?

दुधाळीकर
पूर आमच्याकडंही येतो, तुमच्या आधी. वाडा नाही आमचा, दोन खोल्या आहेत. न बघता बोलू नका. घाईनं सिमेंट थापता, मग पुढच्या पावसाळ्यात तेच खरवडता. तो खर्च धरा की!

बावडेकर
धरला. मजुरीही धरा. चुन्याचं काम येणारा गवंडी कितीजणांना मिळतो ते सांगा.

गवंड्याचा लेक
मिळंल, पण तुमची त्याला दाम द्यायची तयारी हाय का? माझं म्हणणं तेच. मालक भिंतीवर वाद घालतात, गवंड्याच्या डोळ्यावर कुणी पैसा घालत न्हाई. घरचं काम काढता तेव्हा सिमेंटच्या पोत्याबरोबर गॉगल आणायचा कुणी? आमच्या बाला आजवर एका मालकानं दिला न्हाई.

शाहूपुरीची वहिनी
हे मात्र खरं आहे. आमच्या घरीही कुणी दिला नव्हता.

रंकाळाकर
मलाही ते पटतं. घरमालकानंच आणून द्यावा, आणि कामाच्या जागी झाकणाची स्वच्छ पाण्याची बादली नि तांब्या वेगळे ठेवावेत. माल कालवायच्या पिंपात हात घालून डोळा धुतला तर उलट आणखी सिमेंट जातं.

गवंड्याचा लेक
बादलीचं ठीक हाय, 20 मिनिटं धुवायचंबी मानतो. वहिनींच्या भावाचं ऐकून बाला सांगणार हाय. पण धुक्याचं काय? ते सांगितल्याशिवाय तो घालणार न्हाई.

शाहूपुरीची वहिनी
लक्ष्मीपुरीत हार्डवेअरच्या दुकानात मागताना दोन गोष्टी सांगा. कडेनं चेहऱ्याला रबर टेकणारा हवा, नुसता चष्मा नको, त्याच्या वरून शिंतोडा आत जातो. आणि हवेची भोकं आडोशाची हवीत, सरळ भोकातून पातळ माल आत येतो. धुकं न धरणारी काच मागून घ्या. वडिलांना चष्मा असेल तर चष्म्यावरून बसणारा मोठा गॉगल घ्या, दुकानातच घालून मान वर करून बघायला सांगा.