पहिली २०० ची बीआरएम, साधी हायब्रिड आणि बधिर करंगळ्या. सल्ला हवाय

कासपठारी:
नमस्कार. वय ४४, सातारा, शाळेत शिकवते. दीड वर्षापासून सायकल चालवतेय. साधी हायब्रिड आहे: सरळ हँडल, ३५ मिमी रुंद टायर, पुढे ३ मागे ८ गिअर. जानेवारीत २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) करायची असं मनाशी ठरवलंय (घरी अजून सांगितलेलं नाही). आजवरची सर्वांत मोठी राइड म्हणजे सातारा-वाई-पाचगणी आणि परत, ९५ च्या आसपास.

तेव्हा झालं असं की पन्नासनंतर दोन्ही करंगळ्या बधिर. सत्तरनंतर गोड काही घशाखाली उतरेना. आणि परतताना लिंब खिंडीच्या चढावर पायातला जीवच गेला, चक्क उतरून चालत आले. ६० हजारांची रोडबाईक (वाकड्या हँडलची हलकी, वेगवान सायकल) घेऊ का? पैसे आहेत, पण मन होत नाही.

वारा_पुढून:
घेऊन टाका ताई. हायब्रिडवर २०० म्हणजे बैलगाडीने पंढरपूर.

जुना_गडी:
बैलगाड्या पंढरपूरला पोचतात की हो! ताई, ६० हजार राहू द्या बँकेत.

आधी हिशेब बघा. २०० ला १३ तास ३० मिनिटं मिळतात. ताशी २० ने चालवलीत तर १० तास सायकलवर, साडेतीन तास शिल्लक. ताशी १८ ने गेलात तरी जवळपास अडीच तास उरतात. म्हणजे माणूस वेगामुळे कमी, टपरीवर जास्त बाद होतो. माझी पहिली २०० तशीच गेली. एका मिसळीला पन्नास मिनिटं, पुढे चहा, मग पंक्चर. शंभराव्या किलोमीटरचा कंट्रोल (हजेरी लावायचा ठरलेला थांबा) ६ तास ४० मिनिटांनी बंद होतो, मी पोचलो सात तासांनी. पायात भरपूर दम होता, पण उपयोग शून्य.

करंगळी बधिर होते ती तळव्याच्या कडेने जाणारी नस दाबली जाते म्हणून. सरळ हँडलवर हात तासन्‌तास एकाच जागी असतो. सीटचं नाक खाली झुकलंय का बघा. झुकलं असेल तर अंग पुढे घसरतं आणि सगळा भार तळव्यांवर येतो. सीट सपाट करून घ्या. हँडलच्या टोकांना बार-एंड लावा, पाचसातशेत मिळतात, हात ठेवायला दुसरी जागा होते. आणि टायरमध्ये हवा किती भरता? दुकानदार हाताला लागेल तेवढी ठासतो. ३५ च्या टायरला, वजन साठ-पासष्ट असेल तर, ५५ पीएसआय पुष्कळ झाली. एवढं करूनही बधिरपणा दुसऱ्या दिवशी टिकला तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

लिंब खिंडीचं कारण वेगळं वाटतंय. त्या दिवशी खाल्लं काय होतं?

कासपठारी:
सकाळी चहा-बिस्किट. वाटेत दोन केळी, एक राजगिऱ्याचा लाडू, बाकी पाणी. सहा तास लागले.

जुना_गडी:
दोन केळ्यांत पाचगणी! अहो, पायांची माफी मागा. एका केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. लांबच्या राइडला ताशी ३० ते ६० ग्रॅम लागतात. तुम्ही सहा तासांत जेवढं खाल्लंत तेवढं दोन तासांतच संपायला हवं होतं. घड्याळात दर २० मिनिटांचा गजर लावा. वाजला की दोन घास, दोन घोट, भूक असो नसो. आणि पहिला गजर सुटल्यापासून विसाव्या मिनिटाला, घाट लागल्यावर नाही.

खारी_शेंग:
गोड नकोसं होणं अगदी ओळखीचं. मी उकडलेले छोटे बटाटे मीठ-जिरं लावून डबीत नेते. शेंगदाणे खिशात असतात, पण ते सावकाश पचतात, चढावर उपयोग नाही.

नुसतं पाणी ढोसू नका. घामातून मीठ जातं आणि वर साधं पाणीच ओतत राहिलं की मळमळतं, डोकं जड होतं. औषधाच्या दुकानात डब्ल्यूएचओ फॉर्म्युल्याची ओआरएसची पुडी मागा. मोठी पुडी एक लिटरला असते, अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खी टाकू नका. मी टाकली होती. पुढचं सांगत नाही.

आणि बायकांना कोणी सांगत नाही ते: पॅडच्या शॉर्ट्सच्या आत काही घालायचं नसतं. शिवण घासते, रक्त येईपर्यंत. व्हॅसलीन लावा. सीट मऊ नको, बैठकीच्या हाडांना पुरेल एवढी रुंद हवी. खर्च करायचाच तर इथे करा.

टिकटिक:
सरावाचं: आठवड्यातून दोन दिवस तासभर, गप्पा मारता येतील अशा वेगाने. एक दिवस यवतेश्वर घाट, पुढची लहान चकती लावून. दम लागायच्या आधी लावा, नंतर नाही. रविवारी लांब राइड: ८०, १००, १२०, मग एक आठवडा हलका, पुन्हा १३०, १५०. शेवटचे दहा दिवस आराम.

वारा_पुढून:
आधी एकदा २०० करून बघायला नको?

टिकटिक:
नको. १५० नीट जमली की उरलेले ५० खाण्यावर आणि हट्टावर निघतात. दिवे मात्र विसरू नका. सकाळी ६ ला सुटलात तर मुदत संध्याकाळी साडेसातला संपते आणि जानेवारीत सव्वासहाच्या सुमाराला सूर्य बुडतो. मागचा लाल दिवा, पुढचा दिवा, हेल्मेट, चमकणारं जाकीट, दोन ट्यूब, पंप. आणि पंक्चर घरी स्वतः काढून बघा, तेही मागच्या चाकाचं.

कासपठारी:
तीन आठवड्यांनी हजेरी. काल १२० केली. सीट सपाट, हवा ५५, बार-एंड लावले. उजवी करंगळी ठणठणीत, डावी शंभरनंतर जरा कुरकुरली. थांबे सगळे मिळून ४१ मिनिटं. लिंब खिंड न उतरता चढले!

घरी मात्र कळलं. पहाटे चारला सहा बटाट्यांचा कुकर लावला तर शिट्टीने सगळे उठले. नवरा आधी चिडला, मग म्हणाला, पुढच्या रविवारी बटाटे मी करतो. सालासकट की सोलून, तेवढं विचारून ठेव.

खारी_शेंग:
सोलून. आणि मीठ जरा जास्तच घाला म्हणावं.