मदत हवी आहे: मिलिटरी स्टॅलियनवर राहायची केबिन बसवायची आहे, चॅसीचा पीळ कसा सांभाळायचा?

नमस्कार मंडळी. लष्कराच्या लिलावातून सुटलेला अशोक लेलँड स्टॅलियन ४x४ ट्रक एका व्यापाऱ्याकडून घेतलाय. गाडी जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीत जोडलेली, सध्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात उभी आहे. मागचा हौदा उतरवून तिथं दोघांना झोपता येईल, स्वयंपाक करता येईल अशी बंद केबिन करायची आणि स्पीती-लडाख गाठायचं, असा बेत. घरात गाडीचं नाव रणगाडा पडलंय, ते असो.

कागदांचं आधीच सांगतो, नाहीतर अर्धा धागा त्यातच जाईल. नोंदणी एमएच-०९ ला मालवाहू म्हणून झालेली आहे. बदलाची परवानगी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली काढायची आहे, कॅम्परसाठी (राहायची सोय असलेली गाडी) एआयएस-१२४ हे मानक बघायचं आहे; दोन्ही कामं माहितगार माणसाकडं दिलीत. ऑलिव्ह ग्रीन रंग खासगी गाडीला चालत नाही (केंद्रीय मोटार वाहन नियम १२१), म्हणून राखाडी मारून घेतला.

आता खरी अडचण. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक ठोकळ्यांवर चढवून बघितलं. ड्रायव्हर केबिनची मागची कड आणि हौद्याची पुढची कड, एरवी समांतर असतात, त्या वरच्या बाजूला सरळ सरळ तिरक्या झाल्या. डाव्या कोपऱ्यात हात जाईल एवढी फट, उजवीकडं बोटसुद्धा जाईना. चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, मुद्दामच अशी पिळणारी केलेली असते, म्हणून तर चारही चाकं खड्ड्यात जमीन धरतात.

बॉडीवाले मिस्त्री म्हणतात, "दोन्ही बाजूनं यू-बोल्ट आवळून टाकूया, वाळूच्या गाड्यांना असंच बसवतो." त्यांचा हात चांगला आहे, पण वाळूचा हौदा वरून उघडा असतो, चॅसीबरोबर तोही थोडा पिळतो. माझी केबिन सहा बाजूंनी बंद, पफ पॅनेलची (मधे फोम भरलेले कडक पत्रे). ती पिळणार नाही. मग एकतर पॅनेलचे कोपरे फाटणार, नाहीतर जिथं बोल्ट संपतो तिथं चॅसीला चीर जाणार.

माझ्या डोक्यात वेगळी सबफ्रेम (चॅसी आणि केबिनच्या मधली चौकट) आहे: मागं दोन ठिकाणी पक्की आणि पुढं मधोमध एकाच पिनवर डुलणारी. ही पिन आणि तिचा बुश इथं सहज होईल, गावात लेथ आणि फाउंड्रीला तोटा नाही. पण करूळ घाट उतरताना ब्रेक मारला की केबिनचा सगळा रेटा त्या एका पिनवर येईल का? की पिन न करता स्प्रिंगवाले बोल्ट लावून भागेल? आणि ड्रायव्हर केबिनमधून मागं जायला खिडकी ठेवली तर मधला जोड कशाचा करायचा?

जाता जाता आणखी एक. ब्रेकच्या एअर टाकीचा कॉक सोडला की पांढरट, चिकट पाणी येतं. कॉम्प्रेसर गेला समजायचं का?

प्रतिसाद १
भावा, मी बरीच वर्षं ईएमईत (लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणारी शाखा) काढली. नुसतं पाणी आलं तर ते हवेतलं, रोज सोडत जा. पांढरट म्हणजे पाण्यात तेल मिसळतंय, कॉम्प्रेसरचे रिंग बघून घे. तेलानं ब्रेक चेंबरचं रबर फुगतं, तेही बदल. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाच: ३४११ असेल तर २०११ सालचा ३४वा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी रबर म्हातारं झालेलं असतं. रिम रिंगची (टायर कडेच्या सुट्या लोखंडी रिंगनं धरणारी) असेल तर हवा लोखंडी पिंजऱ्यातच भर. रिंग उडाली तर माणूस जागेवर जातो. आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर पुढचा ॲक्सल जोडून फिरू नको, गिअर एकमेकांत ताणून बसतात.

प्रतिसाद २
तीन ठिकाणचं बसवणं बरोबर आहे, पण ब्रेकचा रेटा पुढच्या पिननं घ्यायचाच नाही. तो मागच्या दोन पक्क्या ठिकाणांनी घ्यायचा. पुढच्या पिननं फक्त वजन पेलायचं आणि केबिन आडवी सरकू द्यायची नाही. रस्ते फार वाईट नसतील तर स्प्रिंगवाले बोल्टही चालतात, फक्त मागची बाजू पक्की आणि पुढं स्प्रिंग. चॅसीच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला भोक पाडू नका, उभ्या पट्टीतच पाडा, वेल्डिंग तर नकोच. मधल्या खिडकीला बसगाडीच्या जोडासारखा रबरी भाता लागेल, सिलिकॉन टिकणार नाही. गाडी २४ व्होल्टची आहे. १२ व्होल्टचा फ्रिज दोनपैकी एकाच बॅटरीवर लावला तर ती बॅटरी लवकर मरते, कन्व्हर्टर घाला. सबफ्रेमचं ड्रॉइंग आणि केबिनचं अंदाजे वजन टाका, पिनचा व्यास सांगतो.