ननचाकू: खांद्यावरचा झेल वेग वाढवला की निसटतो

रंकाळा_कट्टा
मंडळी, ननचाकूचा (दोरीने किंवा साखळीने जोडलेले दोन आखूड दांडे) सराव सहा महिने चालू आहे, घरीच टेरेसवर. उजव्या हाताने आठाचा आकडा नीट फिरतो. उजव्या खांद्यावरून मागे टाकून डाव्या हाताने उजव्या काखेखाली झेलायचं, हे हळू वेगात दहापैकी नऊ वेळा जमतं. वेग वाढवला की चार-पाचच. दांडा एकतर दंडाला मागून लागतो, नाहीतर हाताला न सापडता पुढे निघून जातो. डावा हात साध्या आठातच अडखळतो. त्यात दहा-बारा दिवस उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतंय. सध्या स्टीलचा, साखळीवाला आहे, दांडे १२ इंची. लाकडी घ्यावा का? दोरी बरी की साखळी?

पेठेतला_लाठीवाला
भावा, या दोन वेगवेगळ्या चुका आहेत, एकाच उपायाने जाणार नाहीत.

दंडाला लागतोय कारण कोपर खाली पडतंय किंवा बाजूला उघडतंय. दांडा मागे जाताना मूठ खांद्याच्या वर, कानाशेजारी आली पाहिजे आणि कोपराचं टोक समोर, निदान हनुवटीच्या उंचीला. तसं झालं नाही की साखळी खांद्यावर न बसता दंडावर बसते आणि सुटा दांडा दंडाच्या मागच्या बाजूवर आपटतो. आरशासमोर उभा राहून बघ, लगेच दिसेल.

पुढे निघून जातो तो झेलणाऱ्या हाताचा दोष. तुझा डावा हात बहुतेक दांडा पाठीवर आल्यावर निघत असणार. तो आधीच तिथे पाहिजे. उजवी मूठ डोक्याच्या उंचीला येईपर्यंत डावा पंजा काखेखाली उघडा, तळवा मागे. दांड्याला शोधायचं नाही, तो तळव्यावर आदळू द्यायचा आणि मग बोटं मिटायची. आधीच मूठ आवळायला गेलास तर दांडा बोटांच्या गाठींवर बसतो, आणि ते कसं लागतं हे तुला सांगायला नको.

वेगातच का निसटतो, तर मूठ खांद्यापाशी झटक्यात थांबते. हात थांबला की सुटा दांडा आसुडासारखा आणखी जोरात पुढे जातो. मूठ थांबवायची नाही, खांद्यामागे चार बोटं मऊपणे जाऊ द्यायची.

सराव असा कर. आधी फिरवायचंच नाही. दांडा खांद्यावर टांगून खालचा दांडा डाव्या हाताने धरायचा, सोडायचा, वीस वेळा, म्हणजे हाताला जागा पाठ होते. मग मोबाईलवर मेट्रोनोम लावून मिनिटाला ४० ठोके, एका ठोक्याला एक झेल, प्रत्येक झेलानंतर पूर्ण थांबा. सलग दहा बसले की चारने वाढव. एक चुकला की मोजणी शून्यापासून. ६० च्या आसपास आल्यावरच झेलातून सरळ दुसऱ्या खांद्यावर जायला सुरुवात कर.

डाव्या हातासाठी रोज सुरुवात डाव्यानेच करायची आणि उजव्याच्या दुप्पट फेऱ्या. फोमचे दोन जोड मिळाले तर दोन्ही हातांत एकेक घेऊन समोरासमोर सारखा आठ काढ. डावा उजव्याची नक्कल करतो, एकट्यापेक्षा लवकर वळतो.

मर्दानी खेळातली लाठी फिरवणाऱ्या पोरांचं मनगट तयार असतं, पण तीच पोरं ननचाकूत जास्त मार खातात. लाठी अखंड आहे, हात फिरला की टोक तेव्हाच फिरतं. इथे सुटा दांडा हाताच्या अर्धा ठोका मागे असतो. साखळी ताणलेली असेपर्यंतच तो तुझ्या ताब्यात. दिशा बदलायची ती दांडा वळणाच्या टोकाला पोचल्यावर. मधेच हात ओढला की साखळी ढिली पडते आणि दांडा त्याला वाटेल तिकडे जातो.

कातकाम
स्टील सोड, निदान सध्या. जोड वजनकाट्यावर ठेव. ३५० ग्रॅमच्या वर असेल तर रोजच्या सरावाला जड आहे, आणि घाम आला की नळी हातात घसरते. म्हणून तू आवळून धरतोस, आणि म्हणून कोपर बोलतंय.

शिसव किंवा बाभूळ घे. सागवान दिसायला देखणं, पण मारामारीला मऊ. कातकाम करणाऱ्याकडून करून घेतलास तर एवढं सांग: लांबी ३० सेंमी, खालच्या टोकाला जाडी २९-३० मिमी, दोरीच्या टोकाला २५. दोन्ही दांडे एकाच फळीतले, रेषा सरळ उभी, गाठ कुठेही नको. तयार झाल्यावर दोन्ही तोल, फरक १० ग्रॅमच्या आत पाहिजे. एक दांडा जड असला की हात बदलताना लय मोडते.

दोरीसाठी टोकाला मधोमध एक उभं भोक आणि टोकापासून किमान १५ मिमी खाली आरपार एक आडवं. आडवं भोक टोकाच्या जवळ घेतलं तर तिथून लाकूड फुटतं. भोकांच्या कडा कानसून गोल कर, नाहीतर कडाच दोरी कापतात. विणलेली ४ मिमीची नायलॉन दोरी, गाठ उभ्या भोकात लपव, टोकं मेणबत्तीवर भाजून चिकटव. लांबीचं माप तुझा हात: दोरी आडव्या तळहातावर ठेवली की दोन्ही दांडे दोन बाजूंना मोकळे लोंबले पाहिजेत. साधारण ९-१० सेंमी येते. जास्त ठेवलीस तर तुझा तोच पाठीवरून निसटणारा दांडा आणखी निसटेल.

व्हॉर्निश नको, घामात चिकटतं. दुकानात तयार मिळतं ते उकळलेलं (बॉइल्ड) जवसाचं तेल, एक पातळ हात, पूर्ण वाळू दे, पुन्हा एक. कोल्हापूरच्या पावसाळ्यात दोरी ओली ठेवलीस तर काळी पडते, वाळवून ठेव.

रंकाळा_कट्टा
गोल की अष्टकोनी? आणि साखळीची कडी बेअरिंगपाशी (दांड्याच्या टोकाच्या बुचात साखळी फिरते तिथे) थोडी हलतेय, चालेल का?

कातकाम
हलतेय तर आजच बंद. दोन्ही टोकं धरून ताण, बूच वर-खाली होत असेल तर ते कधी सुटेल सांगता येत नाही, आणि टेरेसवरून सुटलेला दांडा गल्लीत कुणाच्या डोक्यावर पडेल. झेल आणि मारा करायचा असेल तर अष्टकोनी, पकड बसते. बोटांवरून, हाताच्या पाठीवरून फिरवायचा असेल तर गोल आणि बेअरिंगची साखळी. दोरीला एकाच दिशेने फिरवून पीळ बसतो, मधून मधून लोंबता सोडून उलगडू द्यायचा.

ताराबाई_पार्क_फिजिओ
खुर्चीची पाठ तळवा खाली ठेवून उचलून बघा. कोपराच्या बाहेरच्या हाडाशी दुखलं तर टेनिस एल्बोची शक्यता धरा. दोन आठवडे वेग आणि जड दांडा बंद, फोमने डाव्या हाताचा सराव चालू ठेवायला हरकत नाही. व्यायाम: हात टेबलावर, पंजा कडेबाहेर, तळवा खाली, हातात अर्धा किलोची पाण्याची बाटली. दुसऱ्या हाताने पंजा वर उचलायचा आणि फक्त खाली सोडताना दुखऱ्या हाताने, तीन-चार सेकंद लावून सोडायचं. १५ चे ३ फेरे, दिवसाआड. थोडा ताण जाणवेल, कळ येता कामा नये. पकड दांड्याच्या मध्यावर, अंडं धरल्यासारखी. आवळायचं फक्त झेल बसतो त्या क्षणी. रात्री दुखून जाग येत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील तर व्यायाम थांबवून आधी दाखवून घ्या.

पेठेतला_लाठीवाला
दोन गोष्टी राहिल्या. टेरेसवर चारी बाजूंना दोन मीटर मोकळे ठेव, आणि कठड्याकडे तोंड करून फिरवू नकोस. अंगठी, कडं काढ, चष्मा असेल तर डोळ्यांवर गॉगल.

मैदानावर नेणार असशील तर बॅगेत, चेन लावून. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) चा मनाई आदेश लागू असला की लाठ्या-काठ्या आणि इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू घेऊन फिरायला बंदी असते. सण, मोर्चे, निवडणुकांच्या काळात हा आदेश निघतो. तेवढे दिवस घरातच फोमवर काम कर.