मदत हवी आहे : मुंबई शहर पोलिसांच्या जुन्या छायाचित्रांचा काळ आणि त्यांतील एक व्यक्ती ओळखण्यासाठी

नमस्कार.

नायगावच्या बीडीडी चाळीतील आमची खोली पुनर्विकासासाठी रिकामी करताना माळ्यावर हिरव्या रंगाची एक पत्र्याची ट्रंक सापडली. तिच्यात धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली चौदा छायाचित्रे होती. माझे पणजोबा रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईत येऊन १९१९ साली शहर पोलिसांत शिपाई म्हणून भरती झाले आणि १९४६ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांचे चिरंजीव, म्हणजे माझे आजोबा, १९४४ साली त्याच खात्यात लागले. दोघेही आज हयात नाहीत, आणि छायाचित्रांच्या मागे एका अक्षराचीही नोंद नाही.

एका छायाचित्र स्टुडिओमध्ये मी त्यांतील दोन चित्रे दुरुस्तीसाठी दिली होती. तेथे न विचारताच त्यांना संगणकावर रंग भरण्यात आले आणि सर्वांचे गणवेश खाकी करून टाकण्यात आले. मुंबई शहराच्या शिपायाचा गणवेश निळा आणि टोपी पिवळी असे, हे आमच्या आधीच्या पिढीला सांगावे लागत नव्हते. आमच्या घरातील लहान मुले मात्र आता पणजोबांना खाकीतच ओळखू लागली आहेत. मूळ प्रती शाबूत परत मिळाल्या, एवढेच समाधान. त्या प्रसंगानंतर मी कोणतेही चित्र कोणाच्याही हाती दिलेले नाही, म्हणून येथे वर्णन करूनच विचारत आहे.

पहिले चित्र चौकीसमोरील समूहाचे आहे. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले असून आकार साधारण वहीच्या पानाएवढा आहे. दोन रांगांत अकरा शिपाई, गुडघ्यापर्यंत अर्ध्या विजारी, पायांत चपला, आणि मध्ये खुर्चीवर पांढरी सोला हॅट मांडीवर घेऊन बसलेला एक युरोपीय सार्जंट. यातील टोप्या जवळजवळ गणवेशाइतक्याच काळ्या दिसतात.

दुसरे चित्र रस्त्यावरील आहे. क्रॉफर्ड मार्केटचा मनोरा मागे स्पष्ट ओळखू येतो. चौकात एक शिपाई हात आडवा करून उभा आहे आणि त्याच्या हाताआड दुमजली ट्राम थांबली आहे. दुमजली ट्राम मुंबईत १९२० साली आल्या आणि शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली, एवढे मला ठाऊक आहे, परंतु चव्वेचाळीस वर्षांचा हा पट्टा माझ्या कामाचा नाही. येथे शिपायाची टोपी जवळजवळ पांढरी दिसते. मधल्या काळात टोपीचा रंग बदलला होता का, हा माझा पहिला प्रश्न आहे.

तिसरे चित्र आमच्या घरात कधी दाखवले जात नसे, असे वडील सांगतात. एका अरुंद रस्त्यावर मिरवणूक अडवली आहे, स्त्रियांच्या हातांत झेंडे आहेत आणि लाठ्या आडव्या धरलेल्या शिपायांची पाठ कॅमेऱ्याकडे आहे. पणजोबा त्या पाठींपैकी एक असावेत, नाहीतर हे चित्र आमच्या ट्रंकेत कशासाठी आले असते? पणजीचे सख्खे भाऊ त्याच वर्षांत खादी वापरत होते आणि त्यांनी आमच्या घरी जेवणे सोडले होते, ही गोष्ट मी लहानपणी अर्धवट ऐकलेली आहे. मला त्या चित्राचे समर्थन करायचे नाही आणि ते लपवायचेही नाही. ते केव्हाचे आणि कोठले आहे हे नीट लिहून ठेवायचे आहे.

ज्या चित्रासाठी हा धागा मुख्यतः काढला ते चौथे आहे. हातभट्टीवर घातलेल्या छाप्यानंतर ते काढलेले दिसते. जमिनीवर मडकी, पत्र्याचे डबे आणि रबरी नळी व्यवस्थित मांडून ठेवली आहे (छाप्याच्या धांदलीत इतकी मांडणी कोण करते, पण छायाचित्रासाठी केली असावी), आणि मागे चार शिपाई उभे आहेत. डावीकडून दुसरा चेहरा आमचा आहे, यात घरात कोणालाही शंका नाही. मात्र तो पणजोबांचा की आजोबांचा, यावर दोन तट पडले आहेत, कारण दोघांच्या चेहऱ्यांत विलक्षण साम्य होते. चित्रात शिपाई तिशी-चाळिशीचा वाटतो. १ ऑगस्ट १९३९ रोजी खेर मंत्रिमंडळाने मुंबईत दारूबंदी लागू केली, पण त्याच वर्षी त्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. नंतर १९४९ च्या अधिनियमाने दारूबंदी आली आणि १९५० पासून ती पूर्णपणे अमलात आली. पहिल्या वेळचे चित्र असेल तर ते पणजोबा, दुसऱ्या वेळचे असेल तर आजोबा, असा माझा सरळ हिशेब होता. टोपीवरील बिल्ल्यात राजमुकुट आहे की अशोकस्तंभाचे सिंह, हे दिसले असते तर प्रश्नच मिटला असता, परंतु नेमका तेवढाच भाग चकाकीने पांढरा झाला आहे.

काळ ठरवण्याचे आणखी कोणते मार्ग आहेत, आणि मूळ प्रती घरी कशा जपाव्यात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

मी काही वर्षे एका संग्रहालयात छायाचित्रांच्या नोंदणीचे काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

टोपीचा रंग बदललेला नाही. बदलली आहे ती कॅमेऱ्यात चित्र टिपणारी काच किंवा फिल्म. जुन्या साध्या काचपट्ट्यांना केवळ निळ्या-जांभळ्या प्रकाशाची जाण असे, त्यामुळे पिवळी वस्तू त्यांवर काळपट उमटत असे. समूहचित्रात आपल्याला टोपी आणि गणवेश सारखेच काळे दिसतात, याचा अर्थ स्टुडिओवाल्याने साधी, स्वस्त काचपट्टी वापरली असावी. सर्व रंग ग्रहण करणाऱ्या पट्ट्या १९०६ पासून बाजारात होत्या, पण महाग असल्याने छोटे स्टुडिओ पुढेही बराच काळ साध्या पट्ट्यांवर काम करीत. ट्रामच्या चित्रात तीच पिवळी टोपी पांढरी उमटली, म्हणजे तेथील फिल्म पिवळा रंग नीट पकडणारी होती. यावरून नेमके वर्ष मिळत नाही, तरी पुठ्ठ्यावरचे समूहचित्र या दोहोंत जुने आहे असे मी म्हणेन. आपल्या स्टुडिओवाल्याने काळी टोपी पाहिली आणि ती तपकिरी रंगवली, एवढाच त्याचा घोटाळा झाला असणार.

छाप्याच्या चित्रासाठी एक सोपी चाचणी घरी करता येते. किराणा दुकानात नोटा तपासण्याचा जांभळ्या प्रकाशाचा दिवा असतो, तो काही मिनिटांसाठी मागून आणावा. खोलीत पूर्ण अंधार करून चित्राच्या मागील कागदावर तो धरावा. १९५० च्या दशकापासून छायाचित्रांच्या कागदात शुभ्रता वाढवणारी रसायने मिसळू लागले, आणि असा कागद त्या दिव्याखाली निळसर चमकतो. चमकला तर ती प्रत त्या दशकातील किंवा त्यानंतरची, हे जवळपास निश्चित. न चमकल्यास मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण जुना साठा पुढेही वापरला जात असे. शिवाय चमकणारी प्रत जुन्या निगेटिव्हवरून नंतर छापलेलीही असू शकते. ज्या दिवशी दिवा लावाल त्याच दिवशी चौदाही प्रती तपासून घ्या, म्हणजे तुलना होईल.

बिल्ला दिसत नसेल तर कंबरपट्ट्याकडे पाहा. बक्कल नंबर, म्हणजे पट्ट्याच्या बक्कलवरील शिपायाचा क्रमांक, हा त्याचा खरा पत्ता असतो. भिंगाखाली त्यातला एक आकडा वाचता आला तरी पुरे, कारण पणजोबांचा क्रमांक त्यांच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांवर असण्याची दाट शक्यता आहे.

जपणुकीबद्दल: लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, आणि प्लॅस्टिकच्या चिकट पानांच्या अल्बममध्ये तर मुळीच ठेवू नका. प्रत्येक चित्र आम्लविरहित कागदात वेगळे गुंडाळून कोरड्या कपाटात आडवे ठेवावे. पावसाळ्यात बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसण्याचा मोह टाळावा. आधी कोरडी हवा लागू द्यावी आणि मग मऊ कुंचल्याने झटकावे. मागे काही लिहायचेच असेल तर मऊ पेन्सिलीने कडेला लिहावे. स्कॅन किमान ६०० डीपीआयला करून टिफ स्वरूपात ठेवावे आणि रंग भरलेल्या प्रतीच्या नावातच तसे नमूद करावे, नाहीतर आणखी वीस वर्षांनी खाकीच खरी ठरेल.

प्रतिसाद २

मिरवणुकीच्या चित्राविषयी. स्त्रियांच्या हाती झेंडे आणि समोर लाठ्या, हे वर्णन १९३० च्या सविनय कायदेभंगाशी जुळते. त्या वर्षी २१ जूनला आझाद मैदानावर मोठा लाठीमार झाला होता, पण आपला रस्ता अरुंद आहे, त्यामुळे मैदान वगळावे लागेल. काळबादेवी, जेथे १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या ट्रकसमोर बाबू गेनू यांनी प्राण दिले, किंवा गिरगाव हे अधिक संभवते. दिल्लीच्या अल्काझी संग्रहात १९३०-३१ मधील मुंबईच्या आंदोलनाच्या छायाचित्रांचा एक मोठा अल्बम आहे. त्यातील घरांचे सज्जे आणि दुकानांच्या पाट्या आपल्या चित्राशी ताडून पाहिल्यास रस्ता सापडू शकेल. आपल्या चित्रात एखादी पाटी अर्धी जरी वाचता येत असेल तर ती येथे लिहावी. तत्कालीन पोलीस कारभाराचे कागद पाहायचे असल्यास फोर्टमध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील पुराभिलेख संचालनालयात चौकशी करावी.

धागाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार.

कोपऱ्यावरच्या वाण्याकडून दिवा आणला. चौदांपैकी तीन प्रती चमकल्या आणि त्यांत ट्रामचे चित्र आहे, ज्याला मी सर्वांत जुन्यांपैकी एक समजत होतो. छाप्याचे चित्र चमकले नाही. मिरवणुकीच्या चित्रात उजव्या कडेला एका पाटीवर गुजराती लिपीतील तीन अक्षरे दिसतात. ती वाचून घेऊन येथे लिहीन.

मग बक्कल पाहिले. चार आकड्यांपैकी शेवटचा ३ निःसंशय वाचता येतो. वडिलांनी जपून ठेवलेल्या निवृत्तिवेतनाच्या कागदावर पणजोबांच्या क्रमांकाचा शेवट ७ ने होतो. बढतीनंतर किंवा बदलीनंतर क्रमांक बदलत असे का, हे जाणकारांनी सांगितल्याशिवाय मी घाई करणार नाही, तरी घरातील आजोबांच्या तटाला आज बळ आले आहे.

आजोबांचे कागद १९७० च्या दशकात गावी ओलीने गेले. मात्र काल मोठ्या आत्यांना दूरध्वनी केला, तेव्हा त्यांनी निराळीच माहिती दिली. पोलीस लाईनीत ट्रंका सारख्याच असत, त्यामुळे प्रत्येक जण झाकणावर आपला बक्कल नंबर पांढऱ्या रंगाने घालून घेत असे, आणि आमच्या ट्रंकेवरही तो होता. त्यांच्या लग्नाच्या वेळी रुखवत ठेवण्यासाठी ती ट्रंक हिरवी रंगवून घेतली. तिरपा उजेड टाकल्यावर झाकणाच्या मध्यभागी रंगाचे किंचित उंचवटे हाताला लागतात, पण आकडा वाचता येत नाही. पत्र्यावरचा वरचा तैलरंग खालच्या रंगाला धक्का न लावता काढण्याची, किंवा तो न काढताच खालचे आकडे वाचण्याची एखादी रीत कोणाला माहीत असेल, तर कृपया सांगावी. तोवर ट्रंक तशीच ठेवली आहे.