रिमोटचं बदक ठीक, पण 'पारधीची कला' कुठून आली?

खाडीकाठी
परवा 'मोटर_सर्वो' यांनी रिमोटवर चालणाऱ्या बदकाबद्दल लिहिलं. थर्माकोल कोरून हळदी-कुंकू बदकाच्या मापाचा डिकॉय, म्हणजे खऱ्या पक्ष्यांना भुलवणारं खोटं बदक, केला, आत मोटर बसवली, तळ्यात सोडला. अमेरिकेतले शिकारी असले डिकॉय वापरतात, त्यांचे व्हिडिओ बघून सुचलं म्हणे. इथपर्यंत माझं काही म्हणणं नाही, हात चांगला आहे माणसाचा. पण शेवटचं वाक्य असं: 'आपल्याकडे 1972 च्या कायद्याने कोकणातली पारधीची कला संपवली, आता आम्ही नुसती खेळणी करायची.' आणि खाली वाहवाच वाहवा. म्हणून हे लांबलचक उत्तर.

कसली कला? कोकणात पारध होती ती हाकाऱ्याची, डुकरामागे रान उठवायची. बदकांना काय होतं? पहाटे बांधाआड दबा धरायचा, ठासणीच्या बंदुकीत छर्रे भरायचे आणि थवा बसलेला असतानाच बार काढायचा. चार मरायची, दहा जखमी होऊन लव्हाळ्यात शिरायची, ती कुणी शोधायलाही जात नसे. माझे आजोबा हेच करायचे, त्यामुळे उगाच हळवं होऊन मला सांगू नका. डिकॉय कोरणारा सुतार आमच्या दहा गावांत कुणी पाहिलेला नाही. दुसऱ्याच्या देशातली परंपरा उचलायची आणि आपली म्हणून तिच्या नावाने गळा काढायचा, हे काय?

आणि वन्यजीव संरक्षण कायद्यावर खापर फोडण्याआधी तो वाचा तरी. 1972 नंतरही परवाना काढून काही प्राणी-पक्षी मारता येत होते, ते दार 1991 च्या दुरुस्तीने बंद झालं. 'शिकार' म्हणजे नुसतं मारणंही नाही. पकडणं, हाकलणं, आमिष लावणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न, सगळं त्यात येतं.

मोटर_सर्वो
साहेब, माझ्याकडे बंदूक नाही, छर्रेवाली सुद्धा नाही. एका वाक्यावरून एवढं? 'कला' शब्द खुपला असेल तर काढून टाकतो, घ्या.

लोक मोटरबद्दल विचारत होते, ते लिहितो. आधी साधा पंखा लावला होता. आमच्या तळ्यात शेवाळ आणि जलपर्णी, दर फेरीला पंखा गुंडाळून बसायचा. मग बोटीतलं पाणी उपसायचा 12 व्होल्टचा पंप घेतला आणि त्याचं जेट केलं. पोटाखालून जाळीतून पाणी आत, शेपटीखालच्या नळीतून बाहेर, नळी सर्वोने (हव्या त्या कोनात वळणारी छोटी मोटर) डावी-उजवी वळते. वेग कमी मिळतो, पण बदकाला वेग हवाय कुणाला? बॅटरी अगदी तळाशी आणि तिच्या शेजारी जाळ्याला लावतात ती शिसं, नाहीतर वाऱ्यात उलटतं. 2.4 गिगाहर्ट्झचा सिग्नल पाणी गिळून टाकतं, म्हणून अँटेना मानेतून वर नेली. रंग मॅटच हवा, आणि साधा मॅटही पुरत नाही. पक्ष्यांना अतिनील प्रकाश दिसतो, आपल्याला मळकट वाटणारं धड त्यांना झगझगीत दिसू शकतं. सिग्नल तुटला की मोटर बंद व्हायला हवी, ही सेटिंग विसरू नका. नाहीतर बदक थेट पलीकडच्या काठाला.

हलणारा डिकॉय का, तर वारा पडलेल्या सकाळी पाण्यावर तरंग नसतो. बाकीचे डिकॉय मेल्यासारखे दिसतात आणि वरून घिरट्या घालणारा थवा उतरत नाही. एक जरी हललं तरी सगळ्यांखालचं पाणी हलतं.

खाडीकाठी
म्हणजे थवा उतरवायलाच केलंय. तुमच्याच तोंडून आलं, बरं झालं. तरंगच हवा असेल तर दोरी बांधून काठावरून झटके द्या. तिकडचे जुने शिकारी तेच करतात, बॅटरी लागत नाही.

पाणथळ
मी दापोली तालुक्यात बरीच वर्षं पक्षी बघते. दादा, तुम्ही लिहिलंत की 'अडई जवळ येतात'. फोटो टाका. अडई हे बदक दिवसा घोळक्याने विसावतं, चरायला रात्री भातशेतात जातं. दुपारी तळ्यात खोटं बदक फिरवून अडई जवळ येत असेल तर मला बघायचंय. माझा अनुभव उलटा. एका पाहुण्याने फोटोसाठी कॅमेरा बसवलेली रिमोटची बोट आणली होती. भुवई बदकांचा थवा उठला तो दिवसभर परत बसला नाही. मध्य आशियातून उडून आलेले पक्षी हिवाळ्यात इथे अंगात चरबी साठवतात, त्यांना उगाच उडवणं म्हणजे ती जाळायला लावणं.

मोटर_सर्वो
ताई, अडई जवळ आली नाही. 'येतील' असं लिहायला हवं होतं. वारकरी, म्हणजे ते काळे पाणपक्षी, आले होते मात्र.

गुहागरी
वारकरी काय, ते कशालाही येतात. मी म्हणतो वाशिष्ठीत सोडा, चिपळूणच्या खाली. बदकाआधी मगर येईल आणि सर्वोसकट हिशोब मिटेल.

सातासमुद्रापार
इकडे न्यू जर्सीत राहतो, शिकार करत नाही, पण शेजारी करतो. व्हिडिओत जे दाखवत नाहीत ते सांगतो. जिवंत बदक बांधून आमिष म्हणून वापरणं इकडे 1935 लाच बंद झालं, दाणे टाकून बोलावणंही तेव्हाच. पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे 1991 पासून देशभर बंद आहेत. बंदुकीत एका वेळी तीनपेक्षा जास्त काडतुसं नकोत. बॅटरीवर पंख फिरवणाऱ्या डिकॉयवर कॅलिफोर्नियात मोसमाच्या सुरुवातीला बंदी असते, कारण त्याने बदकं फारच सहज फसतात. आणि सोळा वर्षं पुरी झालेल्या प्रत्येक शिकाऱ्याला 1934 पासून चालू असलेलं बदकांचं तिकीट घ्यावं लागतं, त्या पैशातून पाणथळ जागा विकत घेऊन राखतात. शिकार वाईट म्हणा, पण तिथे शिकाऱ्याच्या खिशातून तळी वाचतात. आपल्याकडे शिकार बंद आणि तळ्यावर भराव चालू.

खाडीकाठी
हे बरोबर आहे. भरावाचं तर विचारूच नका. पण इकडे तिकीट छापलं तर पैसे तळ्यावर खर्च होतील असं मानायला न्यू जर्सीतच राहायला हवं.

वाडीवरचा
तुमची बदकां रवांदेत बाजूक. माझ्या काजीत वानर आणि केलडी (तांबड्या तोंडाची माकडा) दोनय येतत. बोंडू चावून टाकतत, नारळ कवळेच पाडतत. केळी लावूची सोडली, कणगा लावूची सोडली. त्येचो धागो कोण काढणा नाय, आणि खेळण्यातल्या बदकार एवढी चर्चा! 2024 च्या लोकसभेक आमची शेतसंरक्षणाची बंदूक जमा करून घेतल्यानी, ऐन काजीच्या दिसांत. मतदान 7 मेक. बंदूक परत गावली पावसाच्या तोंडार. तेवढ्यात काजी कोणी राखल्यो? मारूक नको माका, नुसतो बार काढूक होयी.

गुहागरी
हे मात्र शंभर टक्के. आमच्याकडे अर्ध्या वाडीने भात टाकलं ते पावसामुळे नव्हे, डुक्कर आणि माकडांमुळे. कायदा बदलला तोही कसा बघा. 2022 ची दुरुस्ती, लागू 1 एप्रिल 2023. उत्तरेतलं ऱ्हीसस माकड संरक्षित प्राण्यांच्या परिशिष्टातून बाहेर काढलं, आणि आपल्याकडचं टोपीवालं माकड घातलं परिशिष्ट 1 मध्ये, वाघाच्या पंगतीला.

पाणथळ
डुकरासाठी कलम 11 खाली परवानगी मागता येते. मागतं कोण? फासकी लावतात. डुकराची म्हणून लावलेली फासकी आणि तीत अडकून मेलेला बिबट्या, हे पेपरात सारखं येतं. शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे, पण प्रत्येक धाग्यावर माकड आणून उभं केलं की बाकी सगळं झाकलं जातं.

वाडीवरचा
फासकी मी लावतंय असा म्हणताहास काय तू? तोंड सांभाळून बोल. परवानगीचो अर्ज मी केललो. नुकसान दाखव, पंचनामो कर, मगे फेऱ्यार फेऱ्ये. कागद येयसर डुकर भात खावन दुसऱ्याच्या मळ्यात. दुर्बीण घेवन रविवारी येवक काय जाता? माझ्या बागेत आठ दिवस रव, मगे बोल.

पाणथळ
तुम्ही लावता असं म्हटलेलं नाही, पुन्हा वाचा. आणि दुर्बीण घेऊन रविवारी येणारी मी नाही, माझं माहेर-सासर इथलंच. आमची आंब्याची कलमं आहेत, वानर आम्हालाही चुकलेले नाहीत. अर्जाच्या फेऱ्यांचं खरं आहे. आमचाही अर्ज पडून आहे.

वाडीवरचा
मगे आधी असा सांगूचा होता.

मोटर_सर्वो
मुद्द्यावर यायचं तर, सालिम अलींची सुरुवातही छर्ऱ्याच्या बंदुकीनेच झाली ना? पिवळ्या गळ्याची चिमणी पाडली म्हणून पक्षीशास्त्र मिळालं. बंदूक आणि पक्ष्यांची आवड एकमेकांविरुद्धच असते असं नाही.

खाडीकाठी
हे उदाहरण येणारच होतं, मी वाटच बघत होतो. त्यांनी पुढेही अभ्यासासाठी पक्षी मारले, लपवलं नाही. पण कोकणात किहीमला 1930 मध्ये सुगरणींचा अभ्यास केला तो बघत बसून. कोण कुठलं घरटं विणतो, मादी कधी येते, नर एक सोडून दुसरं कधी सुरू करतो, हे मेलेल्या पक्ष्यावरून कळलं असतं का? तुमच्या बदकाला शेपटीत जेट आहे, बसून बघायची सोय कुठे आहे?

मोटर_सर्वो
आहे. मोटर बंद करून लव्हाळ्याकडेला नांगरलं की ते बसलेलंच असतं. डोक्यात छोटा कॅमेरा बसवणार आहे. ताईंनी सांगितलं ते पटलं म्हणून नव्हे, बॅटरी तशीही फार टिकत नाही.

पाणथळ
कारण काहीही असो. पक्षी यायच्या आधी, अंधारात ठेवा आणि ते गेल्यावरच काढा. विणीच्या वेळी नकोच. अडई पावसाळ्यात घरटं करते, झाडाच्या ढोलीत सुद्धा. आणि सिंधुदुर्गातल्या धामापूरला तरी नेऊ नका. 1530 पासूनचा तलाव आहे, तिथे एकाने नेलं की हौशांची रांग लागेल.

खाडीकाठी
कॅमेरा लावणार असाल तर माझा अर्धा आक्षेप गेला. उरलेला अर्धा त्या 'कले'वर आहे आणि तो राहणार. लेखातलं वाक्य अजून तसंच दिसतंय.

मोटर_सर्वो
लेख संपादित करता येत नाही, मुदत संपली. इथे लिहिलंय तेवढं पुरे समजा.

वाडीवरचा
तो सर्वो का काय तो, तेणी हात हलवणारो बुजगावणो होयत काय? काजीत उभो करूक.

मोटर_सर्वो
होईल, पण माकडं आठवड्यात ओळखतील. लोकांनी कापडी वाघ बांधून झाले, आता वानर त्याच्या पाठीवर बसतात. वेळ बदलत राहिली पाहिजे, हालचाल आणि आवाज दोन्ही अनियमित हवेत. माणूस जवळ आल्यावर कळणारा सेन्सर स्वस्त मिळतो, तो वानरावरही चालेल, पण फांद्या हलल्या तरी वाजत बसेल. पावसात सर्वो जातील, तेव्हा एप्रिल-मे पुरताच धरा. भाग मी देतो, मजुरी नको.

वाडीवरचा
मजुरी नको तर काजीगर घेवन जा. पण पयलो आवाज बंदुकीच्या बाराचो भर, कुत्र्याक ती भियत नाय.